सव्वीस जणांचं पुढे काय झालं?

मार्च १९८७. मुंबईतल्या एका इंग्रजी पेपरात एक छोटी जाहिरात आली. गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत, अशा अर्थाची. मुलं आली, मुलाखती झाल्या, सव्वीस जणांची निवड झाली. १९ मार्चला त्यांना ताजमहाल हॉटेलात जमायला सांगितलं होतं. मोन सिंग नावाने वावरणारा एक माणूस तिथे त्यांचा साहेब होता. आज तुमची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, एका दुकानावर छापा घालायचा आहे, असं त्याने त्यांना सांगितलं.

दुपारी एका भाड्याच्या बसने सगळे ऑपेरा हाउसला पोचले. दुकान होतं त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांचं. साहेबांनी सीबीआयचं ओळखपत्र दाखवलं, झडतीचा कागद दाखवला, दरवाजे बंद करायला लावले, कुणी कुठे फोन करायचा नाही असं बजावलं. नव्याने नेमलेली मुलं आपापल्या जागी उभी राहिली. दागिन्यांचे 'नमुने' पिशव्यांत भरून त्यांवर सील लागलं. मग तुम्ही इथे लक्ष ठेवा, मी आलोच, असं म्हणून साहेब पिशव्या घेऊन बाहेर पडले. ते आजवर आलेले नाहीत. तीस-पस्तीस लाखांचा ऐवज गेला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. मोन सिंग हे त्याचं खरं नाव होतं का, तेही कधी उघड झालं नाही.

दुकानात मागे राहिली ती सव्वीस मुलं. बराच वेळ गेला, साहेब येईनात, तेव्हा दुकानवाल्यांना शंका आली आणि खरे पोलीस आले. त्यांना समोर सापडले ते हेच सव्वीस जण. म्हणजे सकाळी सरकारी नोकरी लागली म्हणून घरून निघालेली माणसं संध्याकाळी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती.

याच घटनेवर नीरज पांडे यांनी 'स्पेशल २६' हा हिंदी चित्रपट केला. तो ८ फेब्रुवारी २०१३ ला प्रदर्शित झाला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल, निदान आई-बाबांनी टीव्हीवर लावलेला असताना अर्धा तरी. या लेखात मला चित्रपटापेक्षा त्याच्या रिव्ह्यूंबद्दल जास्त बोलायचं आहे. खऱ्या गुन्ह्यावर सिनेमा निघतो तेव्हा समीक्षक कोणते प्रश्न विचारतात, आणि कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो? इतिहासाच्या अभ्यासात जुने रिव्ह्यू फार उपयोगी पडतात. सिनेमा कसा होता हे ते सांगतातच, पण त्या काळातल्या शहाण्या माणसांना कशाचं नवल वाटत होतं आणि कशाचं वाटत नव्हतं, हेही त्यांतून कळतं.

छापा खरा का वाटला?

आज ही गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न पडतो, एवढं मोठं दुकान फसलं कसं? याचं उत्तर मोन सिंगच्या अभिनयात शोधण्यापेक्षा त्या काळात शोधलं तर लवकर सापडतं.

१९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याखाली सराफाला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब वहीत ठेवावा लागे. परवाना लागे, आणि सरकारी अधिकारी कधीही येऊन वही आणि तिजोरी पडताळून पाहू शकत. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे १९८७ मध्ये सराफी दुकानात झडतीसाठी माणसं येणं ही अनपेक्षित गोष्ट नव्हती, धंद्यातली नेहमीची धास्ती होती.

त्यात तो 'रेड राज'चा काळ. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना, १९८५ पासून, मोठमोठ्या उद्योगपतींच्या घरांवर आणि ऑफिसांवर छापे पडले. ज्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती त्यांच्या दारात अधिकारी उभे राहिले. जानेवारी १९८७ मध्ये सिंह यांना अर्थ खात्यातून संरक्षण खात्यात हलवण्यात आलं. ऑपेरा हाउसचा प्रकार त्यानंतर दोनच महिन्यांनी घडला. पेपरात रोज छाप्यांच्या बातम्या वाचलेल्या दुकानदाराने, साहेब, आधी तुमच्या ऑफिसला फोन करून खात्री करतो, असं म्हणायला फार मोठं काळीज लागलं असतं.

आणि यात दुबईचाही भाग आहे. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी असताना दुबईत सोनं आणणं पूर्णपणे कायदेशीर होतं. साठ-सत्तरच्या दशकांत लंडन आणि झुरिकहून आलेली दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं इथल्या खाडीतून लाकडी गलबतांवर चढत आणि रात्री कोकण-गुजरातच्या किनाऱ्यांवर उतरत. दुबईच्या कायद्याने तो व्यापार होता, भारताच्या कायद्याने तस्करी. त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही सराफाकडे 'बाहेरचं सोनं आहे का' हा संशय सरकारला कायम असे, आणि हा संशय आपल्यावर येऊ शकतो हे सराफालाही माहीत असे. मोन सिंगला दुकान लुटण्यासाठी बंदूक लागली नाही, कारण भीती आधीच दुकानात येऊन बसलेली होती.

आता हाच प्रश्न सव्वीस जणांबद्दल विचारा. ते का फसले? जाहिरात होती, मुलाखत होती, ताजसारखं हॉटेल होतं. आणि बाहेर काय होतं? जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो संप रीतसर कधी संपलाच नाही, विझत गेला. त्यातले कितीतरी जण पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांची मुलं मात्र शिकली होती. लालबाग-परळच्या चाळींतून पदवीचा कागद घेऊन ही पिढी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभी होती. मोन सिंगच्या सव्वीस जणांत या घरांतली मुलं होती की नाही, हे सांगता येत नाही. पण 'पदवीधर हवेत' एवढे दोन शब्द त्या वर्षी त्या शहरात कुणापर्यंत पोचत होते, हे सांगता येतं. दुकानाला सरकारची भीती होती आणि मुलांना सरकारी नोकरीची आशा. एकाच खोट्या ओळखपत्राने दोन्ही कामं केली.

रिव्ह्यूंनी काय पाहिलं

'स्पेशल २६' मध्ये चार जणांची टोळी आहे. अक्षय कुमार, अनुपम खेर, राजेश शर्मा आणि आपले किशोर कदम, म्हणजे कवी सौमित्र. त्यांच्या मागावर मनोज बाजपेयींचा सीबीआय अधिकारी. टोळी मंत्री आणि व्यापारी यांच्या घरांवर खोटे छापे घालत फिरते. लुटलेला पैसा काळा असतो, त्यामुळे लुटले गेलेले तक्रार करत नाहीत. ऑपेरा हाउसच्या घटनेतून चित्रपटाने शेवटची मोठी 'कामगिरी', नोकरीची जाहिरात आणि सव्वीस हा आकडा घेतला. बाकीचे छापे, टोळी, पाठलाग आणि प्रेमकथा ही पटकथेची भर.

रिव्ह्यू एकंदरीत चांगले आले. बहुतेकांनी ज्या गोष्टींचं कौतुक केलं त्या अशा: गोष्टीचा वेग, १९८७ चं वातावरण, बाजपेयी आणि खेर यांचं काम, आणि शेवटची कलाटणी. तक्रारी होत्या त्याही बऱ्याच सारख्या. गाणी नको होती, काजल अगरवालचं प्रेमप्रकरण उगाच घातलंय, त्यामुळे लांबी वाढली. थोडक्यात, समीक्षकांनी चित्रपटाकडे एक घड्याळ म्हणून पाहिलं आणि कुठला काटा अडकतोय ते सांगितलं. हे काही चूक नाही. रिव्ह्यूचं अर्धं काम तेच असतं.

पण या घड्याळाला इतक्या टाळ्या का पडल्या, याला २०१३ चा संदर्भ आहे. दोनच वर्षांपूर्वी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं दिल्लीतलं उपोषण देशभर टीव्हीवर दिसलं होतं. घोटाळ्यांचे आकडे लोकांना पाठ झाले होते. चित्रपट लागल्यावर तीनच महिन्यांनी, मे २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं. अशा वातावरणात खोटे सीबीआयवाले भ्रष्ट मंत्र्याच्या भिंतीतून नोटा उपसतात, हे बघून थिएटरला बरं वाटणं साहजिकच होतं. खरी सीबीआय करत नाही ते खोटी करतेय!

यासाठी चित्रपटाने इतिहासात एक छोटी पण महत्त्वाची दुरुस्ती केली. पडद्यावर लुटले जाणारे बहुतेक काळे पैसेवाले आहेत, आणि तोंड दाबून गप्प बसतात. ऑपेरा हाउसचं दुकान भर रस्त्यावरचं, नावाजलेलं दुकान होतं, आणि तिथून पोलिसांकडे त्याच दिवशी तक्रार गेली. 'ज्यांचं लुटलं त्यांची तीच लायकी होती' ही सोय खऱ्या घटनेत नव्हती. ही सोय केल्यावर प्रेक्षकाला चोराच्या बाजूला बसायला काहीच अडचण उरत नाही. आणि एकदा चोराच्या बाजूला बसलं, की सव्वीस जण कसे दिसतात? त्याला दिसतात तसेच, म्हणजे सामान. बस, सील, पिशव्या, सव्वीस माणसं.

नाव त्यांचं, पण त्या सव्वीसांपैकी एकाचंही नाव चित्रपट संपल्यावर आठवत नाही. मुलाखतींचा प्रसंग गमतीचा आहे. कोण अडखळतंय, कोण भलतंच उत्तर देतंय, आपण हसतो. रिव्ह्यूही त्या गमतीवर खूश होते. या लोकांचं संध्याकाळी काय झालं असेल, हा प्रश्न चित्रपटाच्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

बँका लुटणाऱ्यांचे सिनेमे आणि एक जुनं भांडण

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. खऱ्या दरोड्यावरच्या सिनेमाबद्दलचं सगळ्यात गाजलेलं भांडण १९६७ चं आहे. 'बॉनी अँड क्लाइड' हा १९३० च्या दशकातल्या महामंदीत बँका आणि दुकानं लुटणाऱ्या जोडीवरचा अमेरिकन चित्रपट. न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ समीक्षक बॉस्ली क्राउदर त्यावर तुटून पडले, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. रक्तपाताची गंमत केली आहे आणि गुन्हेगारांचं खोटं चित्र उभं केलं आहे, असा त्यांचा राग होता. न्यूजवीकचे जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी चित्रपट झोडपला, आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःचं मत मागे घेऊन दुसरा रिव्ह्यू लिहिला. मग पॉलीन केल यांनी न्यूयॉर्करमध्ये मोठा लेख लिहून चित्रपटाची बाजू घेतली. क्राउदर लवकरच समीक्षकाच्या खुर्चीवरून पायउतार झाले आणि केल यांचं नाव झालं. सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट 'जुनं विरुद्ध नवं' अशी सांगतात, आणि नव्याचा विजय झाला असं मानतात.

या भांडणात कुणाची बाजू राहून गेली? खऱ्या टोळीने अनेक पोलिसांचे जीव घेतले होते. आणि टोळीला संपवणारे फ्रँक हेमर हे अधिकारी चित्रपटात हास्यास्पद आणि सूडाने पेटलेले दाखवले गेले. त्यांच्या पत्नीने निर्मात्यांवर बदनामीचा दावा लावला आणि शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. हेमर यांच्या बाजूने तीच गोष्ट सांगणारा 'द हायवेमेन' हा चित्रपट आला तो २०१९ मध्ये. तब्बल ५२ वर्षं लागली.

दुसरं उदाहरण 'डॉग डे आफ्टरनून'चं. २२ ऑगस्ट १९७२ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक बँक लुटण्याचा प्रयत्न फसला आणि दरोडेखोरांनी कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं. त्यावरचा चित्रपट १९७५ मध्ये आला, अल पचिनो प्रमुख भूमिकेत. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तेव्हा तुरुंगात असलेल्या खऱ्या दरोडेखोराने, जॉन वोयतोविच याने, न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून कळवलं, की यातलं जेमतेम तीस टक्के खरं आहे. म्हणजे गुन्हेगाराला स्वतःच्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहायची संधी मिळाली, आणि ती आजही त्या चित्रपटाच्या चर्चेत सांगितली जाते. काउंटरमागे तासन्‌तास ओलीस राहिलेल्या बायकांच्या नजरेतून किती टक्के खरं होतं, हा प्रश्न तेवढा प्रसिद्ध झाला नाही.

माझा मुद्दा असा नाही की या चित्रपटांवर बंदी हवी होती, किंवा ते वाईट आहेत. 'डॉग डे आफ्टरनून' तर मला फार आवडतो. मुद्दा असा आहे, की 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीवर वाद होतो तेव्हा तो दोनच टोकांमध्ये होतो. एक टोक म्हणतं, चोराला हीरो का केलं? दुसरं म्हणतं, सिनेमा आहे, गोष्ट रंगली की झालं. दोन्हीकडे नजर चोरावरच असते.

आपल्या मराठीत याला एक वेगळं उदाहरण आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर राजदत्त यांनी १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' केला. नाना पाटेकर त्यात होते. त्या खटल्यातल्या चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली होती, पुण्यात लोकांची भीती अजून ओसरलेली नव्हती. तो चित्रपट आज बघताना अवघड जातो, काही ठिकाणी भडकही वाटतो. पण त्याच्या नावाकडे बघा. नाव टोळीचं नाही, म्होरक्याचं नाही, कोर्टात उभं राहून बोललेल्या माणसाचं आहे. गोष्ट कोण सांगतंय, याचा निर्णय तिथे नावातच झाला आहे. 'स्पेशल २६' च्या नावाने असंच एक वचन दिलं होतं. ते पाळलं नाही, आणि कुणी त्याचा जाब विचारला नाही.

अपवाद एक आहे, आणि तो रिव्ह्यू नाही, रिमेक आहे. विघ्नेश शिवन यांनी २०१८ मध्ये याच चित्रपटावरून सूर्याला घेऊन तमिळमध्ये 'ताना सेर्न्द कूट्टम' केला. काळ तोच, १९८७. पण तिथे गोष्टीची सुरुवातच बेकारीपासून होते. लाच न दिल्यामुळे पोलिसात नोकरी नाकारलेला मित्र जीव देतो, सीबीआयने नाकारलेला नायक खोटी सीबीआय उभी करतो. चित्रपट म्हणून तो मूळ चित्रपटाइतका घट्ट नाही, कधीकधी भाषण देतो. मात्र नोकरीची जाहिरात ही या गोष्टीतली युक्ती नसून जखम आहे, हे त्याने ओळखलं. समीक्षेचं जे काम राहिलं होतं ते पाच वर्षांनी दुसऱ्या भाषेतल्या एका मसाला चित्रपटाने अर्धंमुर्धं का होईना, केलं.

बर दुबईतून बघताना

'स्पेशल २६' आला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, बर दुबईत घडलेल्या एका दरोड्यावरही चित्रपट आला. १५ एप्रिल २००७ ला दोन ऑडी गाड्या वाफी मॉलच्या काचेचे दरवाजे फोडून थेट आत शिरल्या. बुरखेधारी चोरांनी ग्राफ या हिऱ्यांच्या दुकानातून माल उचलला आणि गाड्यांनी ते आले तसे निघून गेले. त्याचं सीसीटीव्ही फुटेज जगभर पाहिलं गेलं. हे काम बाल्कन देशांतल्या 'पिंक पँथर्स' टोळीचं. हे नावही त्यांना सिनेमावरूनच मिळालेलं. लंडनच्या एका चोरीतला हिरा क्रीमच्या डबीत सापडला, तसाच प्रसंग पिंक पँथर मालिकेतल्या एका चित्रपटात होता, म्हणून. हवाना मार्किंग या ब्रिटिश दिग्दर्शिकेने त्यांच्यावर 'स्मॅश अँड ग्रॅब' ही डॉक्युमेंटरी केली. टोळीतली माणसं त्यात ॲनिमेशनच्या आडून बोलतात, आणि युगोस्लाव्हिया फुटल्यावर, निर्बंधांच्या काळात एक पिढी तस्करीकडे कशी वळली, हे कळत जातं. चोराच्या मागचा समाज दाखवायचा तर दाखवता येतो, हे त्या डॉक्युमेंटरीने सिद्ध केलं.

मी सध्या बर दुबईत राहते. गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही सात-आठ जणांनी 'स्पेशल २६' पुन्हा पाहिला. त्यातले तिघे व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलेले, एक जळगावचा, दोघे सांगलीकडचे. मुलाखतींचा प्रसंग आला. मी सवयीने हसले. जळगावच्या मुलाने रिमोट घेऊन चित्रपट थांबवला आणि म्हणाला, "पगार किती सांगितला यांना? बघा ना मागे जाऊन." मग म्हणाला, "बस आहे म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीचं. माझ्या ऑफर लेटरमध्ये पण लिहिलं होतं." ते ऑफर लेटर खोटं निघालं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एजंटला दिलेले पैसे परत मिळाले नव्हते. नंतर आम्ही चित्रपट पुढे चालू केला, पण खोलीतलं हसणं कमी झालं होतं.

हा मुलगा जे बघत होता ते मी वाचलेल्या एकाही रिव्ह्यूत नव्हतं. त्याला तो प्रसंग विनोदी वाटला नाही, ओळखीचा वाटला.

मुंबई अनेक वर्षं आखाताच्या नोकरभरतीचं मोठं केंद्र होती. मोन सिंगच्या जाहिरातीच्या चारच वर्षं आधी, १९८३ मध्ये, भारत सरकारने एमिग्रेशन ॲक्ट आणला. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची झाली, कारण खोट्या भरतीने लोकांचे दागिने आणि जमिनी जात होत्या. आज एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. बर दुबईतच असलेल्या भारतीय वकिलातीकडून खोट्या ऑफरबद्दल इशारे येत राहतात. तरीही जाहिराती येतात. पेपरातल्या कोपऱ्याऐवजी आता व्हॉट्सॲपवर येतात, एवढाच फरक. मोन सिंगने मुलांकडून पैसे घेतल्याचं कुणी सांगत नाही. त्याला त्यांची फक्त एक दुपार हवी होती. पण दोन्हीकडे हत्यार एकच आहे: नोकरीची गरज असलेल्या माणसाचा विश्वास.

म्हणूनच या चित्रपटाच्या रिव्ह्यूंमधली गाळलेली जागा मला महत्त्वाची वाटते. दरोड्याच्या गोष्टीत कोण हुशार होतं हे आपण चटकन सांगतो. ज्यांच्या भोळेपणावर हुशारी चालली त्यांना आपण 'मूर्ख' म्हणून मोकळे होतो, आणि मग तशाच फसवणुकीत सापडलेला शेजारी स्वतःची गोष्ट सांगायला लाजतो. फसलेला माणूस लाजला की फसवणाऱ्याचं पुढचं काम सोपं होतं. पोलिसांना, वकिलातीला, घरच्यांना काही कळतच नाही.

आता तर चक्र पूर्ण फिरलंय. भारतात कुठेही तोतया अधिकाऱ्यांनी छापा घातला की बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'स्पेशल २६ स्टाईल'. खऱ्या घटनेवरून सिनेमा आला, आणि आता खऱ्या घटना सिनेमावरून ओळखल्या जातात. मथळ्यात चोरांची स्टाईल राहिली. ज्यांच्यावरून आकडा आला ती माणसं आकडाच राहिली.

१९८७ मध्ये जे पंचविशीत होते ते आज साठीच्या पुढे आहेत. त्यातले काही कुणाचे काका, कुणाचे आजोबा असतील. कदाचित त्यांनी ही गोष्ट घरी कधीच सांगितली नसेल. आमच्या पॉडकास्टच्या पुढच्या काही भागांसाठी आम्ही नोकरीच्या जाहिरातींच्या आठवणी गोळा करतोय: खऱ्या, खोट्या, मुंबईच्या, आखाताच्या. पेपरातलं कात्रण असेल, मुलाखतीचं पत्र असेल, नाहीतर नुसती ऐकलेली गोष्ट असेल. पुढच्या वेळी घरी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा एकदा विचारून बघा, पहिल्या नोकरीसाठी कुठली जाहिरात पाहिली होती आणि तिचं पुढे काय झालं. नाव लावायची गरज नाही. फक्त त्यांचं बोलून होईपर्यंत हसू नका.